दिनविशेष लिहायला घेतलायस तर आधी हे वाच

यादी लांब करायच्या नादाला लागू नकोस. वीस जन्म आणि पंधरा मृत्यू टाकलेस तर कोणी वाचत नाही, नुसता नमस्काराचा इमोजी टाकून पुढे जातात. त्यापेक्षा एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीनच नोंदी घे.

१ ऑगस्टच बघ ना, १९२० साली मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात टिळक गेले, त्याच दिवशी गांधीजींचं असहकार आंदोलन सुरू झालं आणि त्याच दिवशी तिकडे वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. तिन्ही एकाच सालातलं! अजून काय पाहिजे? नाहीतर लोक तारीख जुळली की साल न बघताच "काय योगायोग" म्हणून मोकळे होतात.

आता खरी गोची कॅलेंडरची. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस दोघंही २३ एप्रिल १६१६ ला गेले असं सर्रास फॉरवर्ड होतं, पण इंग्लंड तेव्हा जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर आणि स्पेन नव्या, म्हणजे आजच्या, ग्रेगोरियनवर, मधे दहा दिवसांचा फरक, आणि त्यात सर्व्हांतेस बहुधा २२ लाच गेला, २३ हा दफनाचा दिवस. आपल्याकडेही तेच, शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे, आजच्या हिशेबाने १ मार्च येते, आणि तिथी फाल्गुन वद्य तृतीया. तारीख की तिथी या वादात तू पडू नकोस बाबा, दोन्ही लिही.

आणि इंग्लंडने नवं कॅलेंडर घेतलं १७५२ साली, म्हणून त्याआधीची तिथली तारीख दिसली की कॅलेंडर कुठलं ते बघितल्याशिवाय टाकायची नाही.