टिचकी मारावी की वाजवावी?

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलंय: 'पाचवीच्या मुलांसाठी संगणकाची छोटी हातपुस्तिका मराठीत लिहितेय. "क्लिक करा"ऐवजी सगळीकडं "टिचकी मारा" लिहिलं. पहिल्याच तासाला एका पोरानं कॅरमच्या स्ट्रायकरला मारतात तशी माऊसला टिचकी मारली. माऊस टेबलावरून घसरला आणि वायरीला लोंबकळत राहिला. वर्ग हसला, पोरगं रडकुंडीला आलं. शब्द चुकला की पोरगं?'

बाई, पोरगं बरोबर आहे. तुम्ही लिहिलं तेच त्यानं केलं, तेही नेमकं. 'टिचकी' हा शब्दही फारसा चुकलेला नाही. चुकलंय ते त्याच्या शेपटाला बांधलेलं क्रियापद.

टिचकीच्या पोटात दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. टिचकी मारतात तेव्हा बोट अंगठ्यात अडकवून ताणायचं आणि सोडून द्यायचं. स्ट्रायकरला मारतात ती ही, बाहीवर चढलेल्या मुंगीला मारतात ती ही, मागच्या बाकावरून पुढच्याच्या कानाला मारतात तीसुद्धा हीच. टिचकी वाजवतात तेव्हा मात्र अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर घासून आवाज काढायचा. माझी आजी जांभई आली की तोंडासमोर दोन-तीन टिचक्या वाजवायची. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले तिचे थोरले भाऊ त्याच क्रियेला 'चुटकी' म्हणायचे. 'टिचकीसरशी काम झालं' म्हणतो तेव्हा आपल्याला ही वाजणारी टिचकी ऐकू येते. एक आवाज, आणि काम झालं.

आता इंग्रजी 'क्लिक' बघा. तोही मुळात आवाजच. खटका बसल्याचा, कडी लागल्याचा. म्हणजे आवाजाला आवाज अशी जोडी लावायची तर 'टिचकी' चांगलीच निवड म्हणायची. कप टिचतो, बांगडी टिचते, त्यातही तोच बारीक कोरडा नाद आहे. पण नादाच्या अर्थानं घ्यायची तर 'टिचकी वाजवा' म्हणायला हवं होतं. रूढ झालं 'मारा'. ज्याला क्लिक आधीपासून ठाऊक आहे तो 'टिचकी मारा' वाचून मनातल्या मनात 'क्लिक करा' असं करून घेतो, त्याचं काही अडत नाही. ज्याला क्लिक ठाऊकच नाही त्या पोरानं कॅरमच आठवायचा.

मराठीत हे जागोजाग होतं. 'कळ' घ्या. कळ दाबली की यंत्र चालतं, कळ आली की पोट धरायचं, कळ सोसायची, आणि कळ काढली की भांडण. 'बोट'ही तसंच. बोट दाखवलं की कधी दिशा कळते तर कधी आरोप होतो. बोट ठेवलं की दुसऱ्याची चूक नेमकी सापडते. 'बोट लावू नको' म्हटलं की पोरगं लोणच्याच्या बरणीपासून लांब राहतं. 'इशारा'सुद्धा: डोळ्यानं केला तर खूण, हवामान खात्यानं दिला तर ताकीद. नाम तेच राहतं, क्रियापद बदललं की हातच बदलतो. संगणकाचे शब्द करताना आपण नामावर खल करतो आणि क्रियापद हाताला येईल ते लावतो, माझी तक्रार एवढीच आहे.

हातानं यंत्राला सांगायचं कसं हा घोळ जुना आहे, आणि ज्यांनी ही साधनं घडवली त्यांच्याकडं वेगवेगळ्या हालचालींची रेलचेल होती. तुमच्या पोराची टिचकी तर त्यातल्या एकाला बरीच जवळ जाते. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात इव्हान सदरलँड यांनी डॉक्टरेटसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशपेन टेकवून रेघा काढायच्या. या पेनातून प्रकाश बाहेर पडत नाही, ते पडद्यावरचा प्रकाश टिपतं. पडद्यावर एक फुलीसारखी खूण असते, पेन हललं की यंत्र ती खूण पेनाच्या पाठोपाठ हलवतं. दुसऱ्या हातानं कळ दाबली की रेघ सुरू होई आणि तिचं टोक पेनाला चिकटून रबरासारखं ताणलं जाई. मग रेघ संपली हे यंत्राला सांगायचं कसं? पेनाला एकदम झटका द्यायचा. फुलीला पाठलाग जमत नसे, ती मागं राही, आणि यंत्र समजून घेई की झालं, टोक इथंच सोडायचं. तिथं 'झटका द्या' हीच बिनचूक सूचना झाली असती. 'क्लिक' त्या क्रियेला मुळीच लागू पडत नाही.

अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेतला पहिला माऊस १९६४ चा, बिल इंग्लिश यांनी घडवलेला. लाकडाचा ठोकळा, वर एक कळ, खाली एकमेकींना काटकोनात बसवलेली दोन चाकं. एक चाक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. ठोकळा सरळ सरकवला की एक चाक फिरे आणि दुसरं नुसतं घसटत जाई. तिरका सरकवला की दोन्ही थोडी फिरत, थोडी घसटत. हे सांगायचं कारण, तुमच्या पुस्तिकेत 'माऊस फिरवा' असंही कुठंतरी असणार, बहुतेक पुस्तिकांत असतं. फिरायची ती त्या जुन्या माऊसच्या पोटातली चाकं. हातानं ठोकळा सरकवायचा असतो. 'फिरवा' वाचून माऊस जात्यासारखा गरगर फिरवणारी पोरं मी पाहिली आहेत. 'सरकवा' लिहा.

माऊसच जिंकेल असं तेव्हा कुणी धरून चाललं नव्हतं. याच मंडळींनी पडद्यावरचं अक्षर कोणत्या साधनानं लवकर निवडता येतं याची परीक्षा घेतली आणि १९६७ मध्ये निकाल छापले. माऊसबरोबर प्रकाशपेन होतं, दांडी म्हणजे जॉयस्टिक होती, आणि टेबलाखाली बसवलेलं, गुडघ्यानं चालवायचं एक साधन होतं. गुडघा डावी-उजवीकडं नेला की खूण आडवी सरके, वर-खाली केला की उभी. कारखान्यातल्या शिवणयंत्राला गुडघ्यानं दाबायची पट्टी असते ना, तिचाच हा लांबचा भाऊ. हात कीबोर्डवरून उचलायलाच नको, हा त्याचा मोठा फायदा. गंमत म्हणजे नवख्या माणसांना माऊसपेक्षा गुडघ्याचं साधन लवकर जमलं. सरावलेल्यांत मात्र माऊस पुढं निघाला, चुकाही त्यात कमी झाल्या, आणि गुडघ्यानं गुडघे टेकले. निकाल उलटा लागला असता तर आज तुम्ही पाचवीच्या पोरांना 'गुडघा मारा' लिहिलं असतं का, आणि पोरांनी कुणाला मारला असता, हा विचार मला अधूनमधून छळतो.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार माणसांपुढं एंगलबार्टनी दीड तास सगळं चालवून दाखवलं: माऊस, पडद्यावरच शब्द इकडचे तिकडं करणं, एका मजकुरावरून दुसऱ्यावर उडी, लांब मेन्लो पार्कला बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा आणि आवाज त्याच पडद्यावर. मजकूर कसला, तर बायकोनं सांगितलेल्या बाजाराची यादी. त्या भर सभेत त्यांनी माऊस या नावाबद्दल 'कधीकधी मी माफी मागतो' असंही म्हणून टाकलं. तेच नाव पडलं होतं, पुढं कुणी बदललं नाही. त्यांनीच हात झटकले तर आपण 'उंदीर' म्हणून कशाला खपायचं? उंदराला मराठीत जोडीची क्रियापदं दोनच, धरणं आणि मारणं. हरभऱ्याच्या ढिगाखाली बिळं बघत वाढलेल्या पोरासमोर 'उंदराला टिचकी मारा' ठेवून बघा. माऊस राहू द्या.

जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीनं एंगलबार्टांच्या या प्रयोगाच्या काही आठवडे आधीच गोळ्यावर चालणारा माऊस जाहीर केला होता, आणि त्यांनी नाव ठेवलं 'रोलकुगेल', म्हणजे घरंगळणारा गोळा. साधं, दिसतं तसं. आपल्याकडं असं नाव ठेवलं की लोक त्याला गावठी म्हणतात.

बोटाचा पडदा, म्हणजे टचस्क्रीनही, वाटतो तेवढा नवा नाही. ब्रिटनमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच त्यावर लिहिलं होतं, विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी. १९७२ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकावरून शिकवणाऱ्या यंत्रणेवर विद्यार्थी पडद्याला बोट लावून उत्तरं देत होते. तिथं खटका नाही, आवाज नाही, म्हणजे टिचकीचा दुसरा अर्थही निकामी. फोनवर 'येथे टिचकी मारा' लिहिलेलं दिसतं तेव्हा दोन्ही अर्थ बाजूला राहिलेले असतात, उरते ती नुसती सवय.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो प्रयोग एमआयटीतल्याच रिचर्ड बोल्ट यांचा, १९८० मध्ये छापून आलेला. नावच 'पुट दॅट देअर', म्हणजे 'ते तिथं ठेव'. माणूस खुर्चीत बसलेला, समोर भिंतीएवढा पडदा, मनगटाला हाताची दिशा टिपणारं यंत्र, तोंडासमोर माईक. तो निळा चौकोन मागतो, मग बोट रोखून म्हणतो 'ते', दुसरीकडं रोखून म्हणतो 'तिथं', आणि चौकोन जागचा हलतो. बोटाशिवाय 'ते' आणि 'तिथं' पोकळ, शब्दांशिवाय बोट मुकं. यंत्राला नीट कळलं नाही तर ते विचारी, 'कुठं?'

आमच्या घरात ही यंत्रणा फार आधीपासून होती. भाकरी थापताना आजीचे दोन्ही हात पिठात. हनुवटी डब्याकडं करून ती म्हणायची, 'त्ये तिकडं ठिव.' कुठला डबा आणि कुठली फळी, हे आम्हा नातवंडांना बरोबर कळायचं. ज्याला कळायचं नाही तो 'कुठं?' विचारायचा आणि बोलणी खायचा.

तेव्हा पुस्तिकेसाठी माझं मत असं. पहिल्या पानावर हालचाल सांगा: 'माऊस सरकवा. बाण चिन्हावर आला की डावी कळ दाबून लगेच सोडा.' यातलं 'सोडा' गाळू नका. नुसतं 'दाबा' वाचून पोरं दाबूनच धरतात आणि चिन्ह ओढत पडदाभर हिंडतात. 'कळ'ऐवजी 'बटन' लिहिलं तरी माझी हरकत नाही. शेतावरची मोटार सुरू करायलाही आपण 'बटन दाब' असंच सांगतो. मग लिहा, 'यालाच क्लिक करणं म्हणतात', आणि पुढच्या सगळ्या पानांवर बिनधास्त 'क्लिक करा' वापरा, तो शब्द आता आपलाच झालाय. फोनसाठी 'बोट टेकवा' घ्या. 'बोट ठेवा'त चूक काढल्याचा वास येतो, 'बोट लावा'त बरणीचा. थांबायचं असेल तर 'बोट टेकवून धरा'.

राहिला एक शब्द, आणि तिथं मीच अडलोय. फोटो दोन बोटांनी मोठा-लहान करतात त्याला इंग्रजीत दोन्हीकडं 'पिंच'. मायरन क्रूगर यांच्या 'व्हिडिओप्लेस' या प्रयोगात १९८० च्या दशकात लोक हातात काही न धरता, कॅमेऱ्यासमोर नुसत्या अंगठ्यानं आणि बोटानं पडद्यावरची वक्ररेषा वाकवत होते. या चिमटीची थोरली बहीण ती. 'चिमटा' नको, तो काढला की समोरचा ओरडतो. 'चिमटी' बरी, रांगोळी सोडतो ती. पण चिमटी मिटते, म्हणजे लहान करायला चालेल. मोठं करायला ती उघडावी लागते, आणि उघडलेल्या चिमटीला माझ्याकडं शब्द नाही. जिंतूरची मावशी म्हणते, 'त्यो फोटू ताण की जरा, तोंड दिसंना.' मला 'ताणा' आवडलाय. तुमच्या वर्गात पोरं काय म्हणतात ते ऐकून कळवा. पुस्तिकेचं ते पान तोवर कोरं राहिलं तरी चालेल.