कॅडसाठी लॅपटॉप घेताना

प्रश्न : मुलगी सांगलीत मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स या कॅडच्या (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग-डिझाइन करायच्या) सॉफ्टवेअरसाठी बेताच्या पैशांत कसला लॅपटॉप घ्यावा? – एक पालक, तासगाव

उत्तर : आधी रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरली जाणारी मेमरी, बघा. ८ जीबीवर साधी ड्रॉइंग होतात, पण सॉलिडवर्क्समध्ये मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं डिझाइन) उघडली की मशीन अडकतं. १६ जीबी हवीच. दुकानदाराला विचारा, ‘रॅमचा दुसरा स्लॉट (पट्टी बसवायची खाच) मोकळा आहे का?’ रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी नंतर टाकता येते. सगळी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली (कायमची डाग देऊन जोडलेली) असेल आणि स्लॉटच नसेल, तर तो लॅपटॉप घेऊच नका. एसएसडी, म्हणजे फायली साठवायची वेगवान डिस्क, ५१२ जीबी. मॅक (ॲपलचा लॅपटॉप) नको, सॉलिडवर्क्स विंडोजचं आहे. थिंकपॅड पी किंवा डेल प्रिसिजन या अशा जड कामासाठीच्या मालिकांमधला जुना लॅपटॉपही चांगला. मात्र त्यातला इंटेलचा प्रोसेसर ८व्या किंवा पुढच्या पिढीचा हवा, नाहीतर विंडोज ११ ला अडचण. ऑटोकॅडचं विद्यार्थी लायसन्स मोफत मिळतं, दरवर्षी नूतनीकरण करायचं.