मागच्या रांगेकडे बघून शिकवा

वाचकांचे प्रश्न : हेल्थ क्लबमधले ग्रुप क्लास

गेल्या अंकात ग्रुप फिटनेस शिकवणाऱ्यांना प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच काळजी आहे : क्लास सुरू होतो, पण टिकत नाही. म्हणून त्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

ताई, मी इन्स्ट्रक्टरचा कोर्स पूर्ण केलाय. आमच्या हेल्थ क्लबच्या मालकांनी वरच्या मजल्यावरचा वीस बाय तीस फुटांचा हॉल दिलाय आणि "पुढच्या सोमवारपासून झुंबा, स्टेप एरोबिक्स, योगा, सगळंच सुरू कर" म्हणतात. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, नाशिक

एका क्लासपासून करा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सात, पंचेचाळीस मिनिटं, आणि शिकवायला तुम्हीच. हे 12 आठवडे बदलायचं नाही, एवढं मालकांकडून आधीच कबूल करून घ्या. नवा क्लास बंद पडतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्या दिवशी चारच जण येतात, मालक म्हणतात वेळ बदलून बघू, वेळ बदलली की त्या चारांतले दोन तुटतात. माणसं आपला स्वयंपाक, मुलांची शिकवणी, लोकलची वेळ अशा सगळ्या गोष्टी सांभाळून तुमची सातची वेळ बसवत असतात. ती बसायला दोन महिने लागतात.

सुरुवात कधी करायची, हेही आपल्याकडच्या कॅलेंडरवर ठरवा. जानेवारीत गर्दी होते, ती फेब्रुवारीत ओसरते. मार्च परीक्षांचा, मे गावी जाण्याचा. मला स्वतःला जूनचा मध्य सगळ्यात चांगला वाटतो. शाळा सुरू झालेल्या असतात, घराला शिस्त लागलेली असते, आणि पावसामुळे बाहेर चालायला जाणारी मंडळीही छपराखाली येतात. गणपती येईपर्यंत सलग अडीच महिने मिळतात. गणपतीत चार दिवस सुट्टी द्या, पण परतायची तारीख आधीच फलकावर लिहा. दिवाळीआधीही तसंच.

आता हॉल. 600 चौरस फूट. हातपाय मोकळे हलवायला माणशी 40 चौरस फूट धरा, म्हणजे पंधरा जण. सोळाव्याला जागा नाही असं सांगायची वेळ आली तर चांगलंच आहे, पण पंचवीस कोंबू नका. एकमेकांच्या हाताला हात लागायला लागले की नवीन बाई परत येत नाही. आणि जमीन बघा : सिमेंटवर बसवलेली फरशी असेल तर उड्यांचा क्लास तिथे नकोच. अशा जमिनीवर एक पाय कायम खाली राहील असे प्रकार घ्या. वरचा मजला असल्याने खालच्यांची तक्रारही वाचेल.

'झुंबा' हे नाव मात्र फलकावर लिहायच्या आधी विचार करा. तो नोंदणी झालेला ट्रेडमार्क आहे. कोलंबियाचे बेटो पेरेझ यांनी तो प्रकार घडवला, 2001 पासून त्याची कंपनी आहे, आणि त्यांचं प्रशिक्षण व परवाना असलेल्या इन्स्ट्रक्टरलाच ते नाव वापरता येतं. न्यूझीलंडच्या लेस मिल्स या फिटनेस कंपनीच्या क्लासना तर इन्स्ट्रक्टर आणि क्लब दोघांचीही परवानगी लागते. त्यांची नवी गाणी आणि नव्या स्टेप दर तीन महिन्यांनी येतात, त्या पाठ करायच्या. तो मार्ग वाईट नाही. तयार मिळतं, दर्जा राखला जातो. पण तुमच्या हॉलमध्ये पहिले काही महिने कोण येणार आहे हे अजून कुणालाच माहीत नाही, तेव्हा स्वतःचा, साध्या नावाचा क्लास घ्या. "डान्स फिटनेस, नवशिक्यांसाठी" एवढं पुरे. 'नवशिक्यांसाठी' हे शब्द मोठ्या अक्षरात.

पैशाचं गणित मालकांसमोर कागदावर मांडा. समजा तुम्हाला एका क्लासचे 600 रुपये मिळतात आणि महिन्यात बारा क्लास होतात, तर खर्च 7,200. क्लासची वेगळी फी महिना 900 असेल तर आठ माणसांत तो निघतो. म्हणजे चार जण आले म्हणून घाबरायचं नाही, आणि आठ नियमित झाले की क्लास आपल्या पायावर उभा आहे. दर आठवड्याला वहीत लिहा, पण किती आले यापेक्षा गेल्या आठवड्यातले किती परत आले हा आकडा पाहा. फुकट डेमो क्लासला वीस जण येतात आणि फोटो छान निघतात. त्यातले पुढच्या बुधवारी किती दिसले, ते महत्त्वाचं.

पहिले तीन आठवडे रचना तीच ठेवा. वॉर्मअप तोच, मुख्य भागातल्या स्टेप त्याच, शेवटचं स्ट्रेचिंगही तेच. दर आठवड्याला फक्त एक गाणं बदला. नव्या इन्स्ट्रक्टरला वाटतं, लोक कंटाळतील. कंटाळतो आपण, कारण आपण ते घरी पन्नास वेळा केलेलं असतं. समोरच्या बाईला दुसऱ्या आठवड्यात "अरे, हे मला येतं" असं वाटणं, हीच तिच्या परत येण्याची खरी गोष्ट आहे. तिचं नाव लक्षात ठेवा, आणि ती दोनदा आली नाही तर फ्रंट डेस्कवरून नाही, तुम्ही स्वतः फोन करा.

नमस्कार. मी लेझीम पथकात वाढलो, ठेका अंगात आहे. तरीही क्लासमध्ये माईकवर बोलायला लागलो की पाय चुकतात, नाहीतर सूचना उशिरा जाते आणि सगळे एकमेकांवर आदळतात. — एक वाचक, कोल्हापूर

लेझमीत वाढलात म्हणजे निम्मं काम झालंय. फक्त तिथे हलगी तुमच्यासाठी वाजते, इथे गाणं कुणासाठी थांबत नाही.

आठच्या मोजणीत विचार करा. आठ-आठ ठोक्यांचे चार तुकडे, म्हणजे 32 ठोके, हा एक परिच्छेद. फिटनेससाठी तयार केलेलं संगीत नेमकं 32-32 ठोक्यांत बांधलेलं असतं. मिनिटाला 128 ठोक्यांच्या गाण्यात असा एक परिच्छेद बरोबर 15 सेकंदांचा होतो. सिनेमातलं गाणं असं शिस्तीत चालेलच असं नाही. मध्येच चार ठोक्यांचा तुकडा जास्त येतो, अंतऱ्याआधी ताल थांबतो. म्हणून गाणं निवडलं की कागद घेऊन बसा आणि प्रत्येक आठासाठी एक उभी रेघ मारत पूर्ण ऐका. जिथे रेघांची चौकट मोडते तिथे काय करायचं ते घरीच ठरलं पाहिजे. जागच्या जागी मार्च, टाळ्या, काहीही चालेल. आणि ठेका बघा. केरव्याच्या चालीवर आपल्या स्टेप बसतात. कोळीगीतांसारखी जी गाणी तीन-तीनाच्या डुलणाऱ्या लयीत आहेत, त्यांवर ग्रेपवाइन (एक पाय दुसऱ्याच्या मागे टाकत बाजूला जायची स्टेप) बसवायला जाऊ नका. ती वॉर्मअपनंतर मोकळ्या नाचासाठी ठेवा, लोकांना फार आवडतात.

सूचना शेवटच्या चार ठोक्यांत द्यायची. आठापैकी पाच, सहा, सात, आठ या जागांवर तोंडातून निघालं पाहिजे : "चार, तीन, दोन, उजवीकडे!" पाय बदलतात ते पुढच्या एकावर. सूचना एकावर दिली तर लोकांना कळेपर्यंत तीन आलेला असतो, आणि तुम्ही म्हणता ती आदळाआदळ तिथेच होते. वाक्यं नकोत, शब्द हवेत. "आता आपण सगळे मिळून गुडघा वर घेणार आहोत" हे आठ ठोक्यांत मावत नाही. "गुडघा, वर!" मावतं.

बोलणं आणि पाय वेगळे करण्यासाठी सराव असा करा. आधी नुसतं बसून गाण्यावर सूचना बोला, पाय हलवायचे नाहीत. ते बिनचूक झालं की जागच्या जागी मार्च करत बोला. मगच पूर्ण स्टेप. रोज वीस मिनिटं दिलीत तर महिन्याभरात फरक दिसेल.

लोकांकडे तोंड करून उभे राहाल तेव्हा आरशासारखं शिकवावं लागतं. तोंडाने "उजवा" म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. सुरुवातीला डोकं गरगरतं, पण सोडू नका. लोकांकडे पाठ करून शिकवणाऱ्याला मागची रांग दिसत नाही, आणि क्लास चालतो तो मागच्या रांगेवर. पुढचे चार जण तुम्ही काहीही केलंत तरी जमवून घेतात. मागे भिंतीला टेकून उभी असलेली नवी मुलगी गोंधळली की तिथेच स्टेप सोपी करा, दोनदा जास्त करा, आणि तुमचा स्वतःचा व्यायाम थांबवून रांगांमधून चाला. शिकवताना आपला व्यायाम होत नसतो, तो वेगळ्या वेळी करायचा. हे मी फार आग्रहाने सांगते, कारण पुष्कळ चांगले नाचणारे इन्स्ट्रक्टर इथेच अडकतात. त्यांना बघायला लोक येतात, आणि बघून झालं की यायचे थांबतात.

आणखी एक : एखाद्याची कंबर किंवा खांदा सरळ करायचा असेल तर आधी तोंडाने सांगा, मग स्वतः करून दाखवा. हात लावायचाच झाला तर विचारून. बाई असो वा पुरुष, प्रत्येक वेळी विचारून.

आमच्या सकाळच्या साडेदहाच्या बॅचला बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. कुणाला बीपी, कुणाला शुगर, गुडघे तर सगळ्यांचेच. घ्यायचं काय, नि टाळायचं काय? — एक इन्स्ट्रक्टर, मुलुंड

आधी प्रत्येकीकडून एक साधा प्रश्नांचा कागद भरून घ्या. छातीत दुखतं का, चक्कर येते का, हृदयाचा किंवा बीपीचा त्रास डॉक्टरांनी सांगितलाय का, हाडासांध्यांचं काही आहे का, कोणती औषधं चालू आहेत. एकही 'हो' आलं तर डॉक्टरांची परवानगी आणायला सांगायची. त्यांना वाईट वाटेल म्हणून हे टाळू नका.

जोर किती लावायचा ते बोलण्यावरून ओळखा. वाक्य पूर्ण बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम हवा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी पुरेशी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. वजन उचलताना श्वास रोखला की बीपी चढतं, म्हणून उचलताना श्वास सोडायला मोठ्याने सांगत राहा. पाय जमिनीला घट्ट आणि अंग वळलेलं, असा कुठलाही प्रकार गुडघ्यांना नको. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या पिशवीत साखर किंवा ग्लुकोज असलंच पाहिजे. शेवट अचानक करू नका : एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि घेरी येते. पाच-सात मिनिटं चालवत चालवत शांत करा.

नुसते हातपाय हलवून मात्र थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत 65 च्या पुढच्यांसाठी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम सांगितला आहे. खुर्ची धरून एका पायावर उभं राहणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, आणि हळूहळू जमिनीवर बसून परत उठणं, हे रोज घ्या. पूजेला, मंगळागौरीला, नातवंडांशी खेळायला बसता येणं त्यांना हवं असतं. पोट कमी होण्यापेक्षा त्याचंच त्यांना जास्त अप्रूप असतं.

आणि छातीवर दाब देऊन पुनरुज्जीवन कसं करायचं त्याचं प्रशिक्षण घ्या. मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायचे असतात. तुम्ही इन्स्ट्रक्टर आहात, ही लय तुमच्या कानात आहेच. 108 ला कोण फोन करणार आणि खालचं दार कोण उघडणार, हे क्लबमध्ये आधी ठरवून ठेवा.

क्लासमध्ये हिंदी-मराठी गाणी लावायला परवाना लागतो का? माझ्या फोनवर पैसे भरून घेतलेलं ॲप आहे. — एक वाचक, पनवेल

लागतो. ॲपचे पैसे तुम्ही स्वतः ऐकण्यासाठी भरता, धंद्याच्या जागी लोकांना ऐकवण्यासाठी नाही. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे आणि गीत-संगीताचे वेगळे. हे परवाने देणाऱ्या संस्थांत पीपीएल आणि आयपीआरएस ही नेहमी ऐकू येणारी नावं. हा खर्च क्लबचा आहे, तुमचा नाही, आणि तसं तुमच्या करारात लिहून घ्या. हे जमत नसेल तर परवान्यासकट मिळणारं फिटनेस संगीत विकत घ्यायला सांगा.

पुढच्या रांगेतल्या जुन्या मेंबर बायका आपापल्या जागा अडवून ठेवतात. परवा नव्या मुलीला बाटली उचलून बाजूला व्हायला सांगितलं. — एक इन्स्ट्रक्टर, फोंडा

क्लासची दिशाच बदला. एक दिवस आरशासमोर, एक दिवस मागच्या भिंतीकडे, एक दिवस खिडकीकडे. पुढची रांग आपोआप मागची होते, कुणाला काही बोलावं लागत नाही. त्या जुन्या बायकांना वेगळं बोलवा आणि एकेकीकडे एक नवीन मुलगी सोपवा. त्यांना क्लासबद्दल आपुलकी आहे म्हणूनच त्या जागा धरतात, ती आपुलकी कामाला लावा.

दिवसाला पाच क्लास घेते. संध्याकाळी आवाज बसतो, नडग्या ठणकतात. सोडून देऊ का? — एक इन्स्ट्रक्टर, सोलापूर

सोडू नका, कमी करा. उड्यांचे क्लास दिवसात दोनच. बाकीचे ताकदीचे किंवा स्ट्रेचिंगचे, आणि त्यात स्वतः पूर्ण करून न दाखवता चालत शिकवा. बुटांची आतली गादी दबली असेल तर वरून नवे दिसले तरी बदला. नडगीवर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर उड्या पूर्ण बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा, तिथे हाडाला बारीक चीर असू शकते.

आवाजासाठी क्लबकडून डोक्याला लावायचा माईक मागा. हेडसेट प्रत्येकीचा वेगळा, निदान त्यावरचं स्पंज तरी. गाण्याचा आवाज आधी कमी करा, कारण आपण त्याच्यावर ओरडत असतो. शिवाय आवाजाची पातळी 94 डेसिबल असेल तर कानांना दिवसात एक तासच सोसतं, आणि तुम्ही तर पाच क्लास त्यात उभ्या असता. फोनवरच्या मोजणीच्या ॲपने अंदाज घ्या, 85 च्या आसपास ठेवा. जिथे हाताने दाखवून भागतं तिथे बोलू नका : चार बोटं वर, हात उजवीकडे, लोकांना आठवड्याभरात कळायला लागतं. दोन क्लासच्या मध्ये घोट घोट पाणी प्या, गप्प बसा, फोनही नको. तीन आठवडे होऊनही आवाज बसलेलाच राहिला तर हळद-दुधावर थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.