मिशनवर सेवा करताना प्रार्थनेचं सामर्थ्य खरंच अनुभवाला येतं, की तो योगायोग असतो?

हो, मला तो अनुभव आला. पण मागितलं ते मिळालं म्हणून नव्हे. तुमच्या प्रश्नातला 'योगायोग' हा शब्दही मी टाळणार नाही, कारण तो माझ्याही मनात बरेच दिवस होता.

मी दोन वर्षं एका मिशनमध्ये सेवा केली. येशूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठवलं, तसंच आम्हीही जोडीने जायचो. माझ्या जोडीला वयाने मोठ्या असलेल्या एक ताई होत्या. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं, शास्त्रपाठ आणि प्रार्थना करायची, जमेल तो हातभार लावायचा, हे आमचं काम.

त्यातल्या एका घरी एक काका होते. पक्षाघाताने त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचाही गेली होती. आपण बोललेलं त्यांना कळायचं, पण 'पाणी' एवढा शब्द तोंडून निघत नसे. काकूंना हाक मारायला जात, भलताच आवाज येई, आणि मग ते डावा हात उशीवर आपटत. पहिल्याच भेटीत मी काकूंना म्हणाले, "देव त्यांची वाचा परत देणार, विश्वास ठेवा." माझं चुकलं. देवाच्या नावाने असं वचन देण्याचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. परतताना ताई एवढंच म्हणाल्या, "आपण मागायचं. हमी द्यायची नाही."

चार महिने आम्ही दर आठवड्याला गेलो. मी मोठ्याने, भरभरून प्रार्थना करायचे. माझी प्रार्थना लांबत गेली तसे काका भिंतीकडे तोंड फिरवू लागले. मला ते दिसत होतं, तरी मी थांबत नव्हते, कारण काकूंना दिलेला शब्द मानेवर बसला होता.

एका भेटीत माझे शब्दच संपले. "हे प्रभू" म्हटलं आणि पुढे काही सुचेना. बराच वेळ शांतता होती. मग ताईंनी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, सुरू केली, अगदी सावकाश. "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." मीही त्यांच्याबरोबर म्हणू लागले, आणि आमच्या दोघींच्या आवाजात तिसरा आवाज मिसळला. जाड, अडखळता, पण शब्द ओळखू येणारे: "तुझे राज्य येवो." काका डोळे मिटून म्हणत होते. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" हे त्यांनी अख्खं म्हटलं. काकू दारात उभ्या होत्या, त्या तिथेच खाली बसल्या. चार महिन्यांनी त्या नवऱ्याच्या तोंडून शब्द ऐकत होत्या. आमेन झाल्यावर मी घाईने विचारलं, "काका, पाणी देऊ?" आणि पुन्हा तोच अर्धवट आवाज.

नंतर स्पीच थेरपिस्टनी नीट समजावलं. या अवस्थेला वाचाघात म्हणतात. मनातलं सांगण्यासाठी वाक्य जुळवण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं, आणि तिथे इजा झाली की उजवं अंगही लुळं पडू शकतं. पण आकडे, आठवड्याचे वार, लहानपणी पाठ झालेली गाणी आणि प्रार्थना पुष्कळदा शाबूत राहतात. त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही वाटा असावा असं मानलं जातं. चालीवर शब्द म्हणायला लावून बोलणं परत आणण्याची एक उपचारपद्धतीही आहे.

हे ऐकून मी दोन दिवस खट्टू होते. मला चमत्कार हवा होता. मग मनात आलं, काकांना कुणीतरी लहानपणी ती प्रार्थना शिकवली असेल. पुढे त्यांनी ती हजारो वेळा म्हटली असेल, कधी लक्ष देऊन, कधी नुसती सवयीने. सगळं बोलणं गेलं तेव्हा ती तेवढी उरली. थेरपिस्टनी सांगितलं ते मी मानते. ती वाट मेंदूत कशी उघडी राहिली हे त्यातून कळतं. त्या दिवशी माझी बडबड नेमकी का थांबली, याचं श्रेय मात्र मी देवालाच देते. माझ्यासाठी तो योगायोग नाही.

न मिळालेल्या उत्तरांचंही सांगते. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 12वा अध्याय वाचा. हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, प्रार्थना करत असताना दुसरा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटतो. याकोबासाठी मंडळीचं प्रेम काही कमी असेल, असं मला वाटत नाही. दोघांत फरक का, याचं कारण तिथे दिलेलं नाही. आणि पेत्र दाराशी येऊन उभा राहतो तेव्हा प्रार्थना करणाऱ्यांचाच विश्वास बसत नाही! हा अध्याय मी त्या काळात कितीदा वाचला असेल.

काकांचं बोलणं मी तिथे असेपर्यंत परत आलं नाही. पण रोज संध्याकाळी ते आणि काकू मिळून प्रार्थना म्हणू लागले. माझ्या शेवटच्या भेटीत मी उठायला लागले, तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ नुसते कण्हत राहिले. शब्द एकही नव्हता. बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात पवित्र आत्मा 'अनिर्वाच्य कण्हण्याने', म्हणजे शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने, आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं आहे. ते मी अनेकदा वाचून दाखवलं होतं, माझ्यासाठी कुणी तसं करताना मात्र प्रथमच ऐकत होते.

आता आजाऱ्याजवळ बसले की मी स्वतःचे शब्द नंतर काढते. आधी प्रभूची प्रार्थना म्हणते, समोरच्याला सामील होता येईल इतकी हळू.