बाटलीवरची करडं चाऱ्याला तोंडच लावत नाहीत!

प्रश्न : नमस्कार दादा, आमची उस्मानाबादी शेळी व्याल्यावर चौथ्या दिवशी गेली, मागे दोन करडं राहिली, एक पाट (मादी) आणि एक बोकड. चीक मिळालाय दोघांना. तेव्हापासून गाईचं दूध बाटलीने पाजते, दिवसातून चार वेळा. आता पाच आठवड्यांची झालीत पण चाऱ्याकडे बघत नाहीत, नुसती माझ्या मागे ओरडत फिरतात. भाकरी मात्र हातातनं हिसकावून खातात. सासूबाई म्हणतात दूध बंद कर, भूक लागली की आपोआप खातील. काय करू?
– एक वाचक, ता. तुळजापूर

उत्तर : ताई, सासूबाईंचा मान राखून सांगतो, दूध आत्ता तोडू नका. ही चूक मी स्वतः केलीय, सहाव्या आठवड्यात बाटली बंद केली, तर करडू भुकेने कडबा खात सुटलं, पोट मडक्यासारखं झालं आणि पाठीची हाडं मोजता येतील इतकं वाळलं, केस उभे राहिले ते वेगळंच. खात होतं पण अंगी लागत नव्हतं, कारण चारा पचवायचं मोठं पोट अजून तयारच नव्हतं ना.

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. करडू जन्मतं तेव्हा चारा पचवणारं ते पहिलं पोट अगदी लहान असतं, दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. थोडं थोडं दाणा-पाला जायला लागला की तिथे जंतू वाढतात, आंबवण सुरू होतं आणि पोट आतनं तयार होत जातं. म्हणजे दूध पण चालू आणि चिमूटभर खाणं पण चालू, हे दोन्ही बरोबरच लागतं, आणि सुरुवात खरं तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच करायची असते. तुम्हाला उशीर झालाय पण फार नाही.

मुख्य अडचण वेगळीच आहे. आईजवळचं करडू आईच्या तोंडातला पाला ओढून खायला शिकतं. तुमच्या करडांची आई तुम्ही, आणि तुम्ही तर सुबाभूळ खात नाही :) म्हणून रोज दोन-तीन तास एखाद्या शांत शेळीजवळ किंवा दोन-तीन महिन्यांच्या करडांत सोडा, मारकी नको. आठवडाभरात फरक दिसेल. पाला जमिनीवर टाकू नका, शेवरी, सुबाभूळ, तुतीची जुडी करून करडाच्या तोंडाच्या जरा वर टांगा, मान वर करून ओरबाडायला त्यांना फार आवडतं. जमिनीवरचा चारा लेंड्या-मुतात भिजतो, त्यातनं कॉक्सी (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा आजार) होतो आणि रक्ताची हगवण लागते.

दाणा घरीच करा. 10 किलोला मका भरडा साडेचार किलो, शेंगदाणा पेंड अडीच, तूर चुनी एक, गव्हाचा कोंडा 1 किलो 700 ग्रॅम, मिनरल मिक्श्चर 200 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम. पेंड वास घेऊनच घ्या, बुरशी आलेली अजिबात नको. आणि गाईम्हशीची युरियावाली गोळीपेंड चुकूनही नाही, ती पचवायची ताकद या वयात नसते. बाटली झाल्या झाल्या करडू बोट चोखत असतं बघा, तेव्हा बोटाला दाणा लावून तोंडात द्यायचा आणि हात हळूच पाटीत न्यायचा. पहिले चार दिवस चिमूटभर, मग दोघांत मिळून मूठभर, तीन महिन्यांपर्यंत प्रत्येकी 100 ते 150 ग्रॅम. उरलेला दाणा संध्याकाळी उचलून मोठ्या शेळ्यांना घाला, शिळा लाळेचा दाणा करडू खात नाही. पाणी मात्र दिवसभर समोर पाहिजे, दूध पितंय म्हणून पाणी नको असं नसतं.

भाकरी बंद. शिळा भात तर नकोच. एकदम जास्त पीठ-दाणा गेला की पोटात आंबतं, नाहीतर आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंचं विष अंगात भिनणं) होऊन चांगलं धष्टपुष्ट करडू सकाळी मरून पडलेलं दिसतं. त्याच्या लसीची तारीख दवाखान्यात विचारून घ्या.

दूध कधी तोडायचं? वय मोजत बसू नका. वजन जन्माच्या अडीचपट झालं, दाणा रोज संपवतंय आणि बसल्यावर रवंथ करताना दिसतंय, ही तिन्ही जुळली की तोडायचं, साधारण अडीच-तीन महिने लागतात. आधी दुपारची बाटली बंद, चार-पाच दिवसांनी दुसरी, रात्रीची सगळ्यात शेवटी. ओरडतील, ओरडू द्या.

प्रश्न : बाटली पाजली की करडाचं पोट डावीकडे फुगतं, असं का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : मांडीवर उताणं घेऊन पाजत असाल. उभं ठेवा, मान जरा वर, जसं आईला पितं तसं. निपलचं भोक मोठं असेल तर बदला, कारण घटाघटा गेलेलं दूध वळसा चुकून मोठ्या पोटात उतरतं आणि तिथे नासतं. दूध अंगाएवढं कोमट आणि रोज त्याच वेळेला. तरी फुगलंच तर दुधाची पाळी चुकवून डॉक्टरांना दाखवा, घरी तेल पाजत बसू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं.