‘शपथ देणे’: कोण देतो, कोण घेतो आणि खाली काय लिहायचे

प्रश्न थोडक्यात असा: मडगावला नोटरीकडे करायच्या शपथपत्राचा इंग्रजी मसुदा मराठीत आणताना ‘ॲडमिनिस्टर ॲन ओथ’चे ‘शपथ प्रशासित करणे’ झाले. हे चालेल का, आणि शपथ नक्की कोणाची?

‘प्रशासित’ आधी खोडा. मराठीत शपथ देतात आणि घेतात. देणारा नोटरी, घेणारे तुम्ही. कोकणीतही सोपूत दितात आणि घेतात, त्यामुळे गोव्यातल्या कानाला ही जोडी परकी नाही. घोटाळा होतो तो बोलीमुळे. ‘तुला माझी शपथ, जाऊ नकोस’ ही झाली शपथ घालणे, आणि उठसूट खातात ती ‘शप्पथ’. या दोन्हींचे कचेरीत काम नाही.

शपथ देणारा मजकुराच्या खरेपणाची हमी घेत नाही. अमुक माणूस समोर आला, त्याची ओळख पटली, त्याने शपथ घेतली आणि सही केली, एवढेच तो सांगतो. त्यामुळे घरून सही करून कागद मुलाच्या हाती पाठवला, तर ‘माझ्यासमोर’ हा शब्दच खोटा पडतो. सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि नोटरीने शिक्का मारला म्हणून ती सुधारत नाही.

अधिकार कोणाला? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३९ प्रमाणे न्यायालयात द्यायच्या शपथपत्रासाठी न्यायालय, दंडाधिकारी, नोटरी किंवा त्यासाठी नेमलेला अधिकारी शपथ देऊ शकतो. नोटरीला हा अधिकार १९५२ च्या नोटरी कायद्याच्या कलम ८ ने मिळतो. गोव्यात मात्र ‘नोटरी’ म्हटले की दोन माणसे डोळ्यांसमोर येतात. उपनिबंधक कार्यालयातला विशेष नोटरी २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली वारसा दस्त, मृत्युपत्रे असली कामे पाहतो. रोजच्या शपथपत्राला वकील नोटरी पुरतो. चुकीच्या रांगेत अर्धा दिवस जातो तो इथेच.

‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’ हे दोन्ही पर्याय छापील नमुन्यात असतात. लागू नसेल तो खोडायचा. १९६९ च्या शपथ कायद्यात दोन्ही सारखेच मानले आहेत. त्याच कायद्याच्या कलम ७ मुळे शपथेच्या नमुन्यातल्या दोषाने पुरावा बाद होत नाही. पण ही सवलत आहे म्हणून दोन्ही ओळी तशाच ठेवणे आळशीपणाच.

न्यायालयात साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही शपथ देतात. कोकणी साक्षीचे इंग्रजी करायचे असते तिथे हे विसरू नये. बारा वर्षांखालच्या मुलाला खरे बोलण्याचे कर्तव्य कळत असेल पण शपथेचा अर्थ कळत नसेल, तर शपथेविनाही त्याची साक्ष घेता येते.

बातम्यांतली एक चूकही इथेच सांगून टाकतो. राज्यपाल मंत्र्यांना पदाची आणि गोपनीयतेची अशा दोन शपथा देतात (संविधान, अनुच्छेद १६४). आमदार मात्र अनुच्छेद १८८ प्रमाणे राज्यपाल किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीसमोर एकच शपथ घेऊन सही करतो. ‘चाळीसही आमदारांनी गोपनीयतेची शपथ घेतली’ हे वाक्य म्हणूनच चुकीचे.

आता तुमच्या मसुद्याचा शेवट. ‘आज दिनांक … रोजी मडगाव येथे माझ्यासमोर शपथेवर कथन केले व सही केली’, त्याखाली नोटरीची सही, शिक्का आणि नोंदवहीचा क्रमांक. तारीख सहीच्याच दिवसाची हवी, आदल्या दिवशी टंकलेली नको. प्रत्येक पानावर तुमची सही, आणि जिथे खाडाखोड असेल तिथे तुमची व नोटरीची आद्याक्षरे. मजकूर इंग्रजीत असून सही करणाऱ्याला इंग्रजी येत नसेल, तर ‘मजकूर मराठीत वाचून व समजावून सांगितला’ ही ओळ शिक्क्याच्या वर घ्या. नंतर ‘मला काय लिहिलंय ते ठाऊकच नव्हतं’ असे कोणी म्हणाले तर उपयोगी पडते ती हीच.