सागरी अभियांत्रिकीची वाट आणि नोकरीची खात्री

पुण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील मुले आणि त्यांचे पालक एकच काळजी वारंवार मांडतात : पवनऊर्जा किंवा सागरी बांधकाम मनापासून आवडते, पण उद्या सरकारी धोरण फिरले तर काय करायचे? केतनचीही (नाव बदलले आहे) हीच काळजी होती.

केतन स्थापत्य शाखेचा विद्यार्थी. हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीचे नियुक्तिपत्र हाती होते, ओढा मात्र आयआयटी मद्रासमधील महासागर अभियांत्रिकीकडे होता.

"मॅडम, समुद्रातील पवनऊर्जेचे धोरण २०१५ मध्ये आले; गुजरात आणि तामिळनाडूजवळच्या प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी अर्थसाहाय्य मंजूर व्हायला २०२४ उजाडले. मी कशाच्या भरवशावर जाऊ?"

त्याची माहिती अचूक होती, त्यामुळे पोकळ धीर देण्यात अर्थ नव्हता.

"सॉफ्टवेअरमध्ये तीस वर्षांची खात्री आहे?"

"नाही. पण तिकडे सगळेच जातात."

पुढच्या भेटीसाठी, समुद्रात पवनचक्की उभारताना अभियंत्याला काय काय करावे लागते ते मी त्याला लिहून आणायला सांगितले. समुद्रतळाच्या मातीची तपासणी, लाटांचा आणि प्रवाहाचा भार, तळात खोल रोवलेल्या खांबांचा (पाइलचा) पाया, खाऱ्या पाण्यातील पोलादाचा गंज, सततच्या हेलकाव्यांनी सांध्यांना जाणारे तडे, अशी यादी त्याने आणली.

"यातले पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराच्या कामाला काय लागणार नाही?"

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. एकेका ओळीवरून बोट फिरवत शेवटी म्हणाला, "पाती आणि जनित्र सोडले, तर जवळजवळ सगळेच लागेल. जेट्टीला, सागरी पुलालाही लागेल. म्हणजे पवनऊर्जा रखडली, तरी माझे शिक्षण रखडत नाही." हे त्याचे त्याला उमगले, याचे मला मनापासून समाधान वाटले.

विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे स्वतःच्या हट्टी समजुती तपासून पाहण्यावर, माझा विश्वास आहे, आणि त्या दिवशी तो अधिक दृढ झाला. पूर्ण खात्री मिळाल्याखेरीज पाऊल उचलायचे नाही, ही स्वतःच घातलेली अट माणसाला बाहेरच्या अनिश्चिततेपेक्षा जास्त अडवते. ती अट सैल झाली की तीच अनिश्चितता अभ्यासता येते.

म्हणून मुलांना मी सांगते की, प्रकल्पांच्या घोषणांपेक्षा मृदयांत्रिकी, द्रवयांत्रिकी आणि संरचना हे विषय पक्के करा. विद्युत शाखेच्या मुलांनी समुद्राखालच्या केबल आणि उपकेंद्रे समजून घ्यावीत. खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, जिथे बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटांचा अभ्यास होतो. तेथील काम पुण्यातल्याच अनेक मुलांना ठाऊक नसते. पालकांनी पगाराबरोबर कामाचे स्वरूपही विचारावे, कारण सागरी कामात अनेकदा आठवडेच्या आठवडे घरापासून दूर राहावे लागते.

केतनने घरी हे सगळे स्पष्ट मांडले. नियुक्तिपत्र नाकारण्याची घाई न करता तो आता गेटचा, म्हणजे पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करतो आहे.